पिंपळटोल्याच्या शाळेतलं भवचक्र

वच्छलाबाई शहारेंना ती पेटी नको होती. तशी ती कुणालाच नको होती.

२०१२ सालच्या ऑगस्टात भंडाऱ्याला शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दिल्लीतल्या एका संग्रहालयानं योजना काढली होती. हिमालयातली चित्रं, तिथले मठ, सणवार, लोकांची राहणी यांची ओळख दूर खेड्यातल्या मुलांना व्हावी. मुलं संग्रहालयापर्यंत येऊ शकत नाहीत, तर संग्रहालयच पेटीत भरून मुलांकडे पाठवावं. जिल्ह्याला एक पेटी. ती एका शिक्षकानं सांभाळायची, आधी आपल्या शाळेत वापरायची, मग आजूबाजूच्या शाळांत फिरवायची आणि दर महिन्याला अहवाल द्यायचा. अहवालाचं नाव निघालं तशा सभागृहातल्या सगळ्या माना खाली गेल्या.

वच्छलाबाईंची मान आधीपासूनच खाली होती. पंख्याखाली बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला होता. चौपन्न वर्षांच्या बाई. सकाळी पाचला उठून, म्हाताऱ्या सासऱ्यांचं दोन्ही वेळचं रांधून ठेवून त्यांनी साकोलीहून पहिली एसटी धरली होती. व्यासपीठावरच्या साहेबांनी यादीवरून बोट फिरवत विचारलं, "शहारे मॅडम कोण आहेत?"

शेजारणीनं कोपर मारलं. बाई उठून उभ्या राहिल्या.

"तुम्ही आधी अर्जुनी मोरगावकडे होता ना? तिबेटी वसाहतीजवळ?"

"अकरा वर्षं होते, सर. तेव्हा जिल्हा एकच होता."

"मग झालं तर. शिवाय तुम्ही बौद्ध आहात. तुम्हाला हे सगळं माहीतच असेल."

साकोलीच्या विहारातली शांत पांढरी मूर्ती आणि मघाशी पडद्यावर दाखवलेला तो दात विचकलेला, सोळा हातांचा निळा देव, यांचं एकमेकांशी काय नातं आहे हे त्यांनाही तितकंच माहीत होतं जितकं सभागृहातल्या बाकीच्यांना. हे त्यांना सांगायचं होतं. पण सांगायला अंगात जोर लागतो. त्यांनी पुढं जाऊन सही केली.

पेटी पत्र्याची होती, हिरव्या रंगाची, आणि जड. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर दोघांनी मिळून ती गाडीत चढवली. कंडक्टर म्हणाला, "भांडे घेतले का मॅडम? लग्न हाय का घरी?" बाईंनी मान डोलावली. हिमालय नेते आहे म्हणून सांगितलं असतं तर पुढचा तासभर बोलावं लागलं असतं.

साकोलीत त्या आणि त्यांचे सासरे डोमाजी, अशी दोनच माणसं घरात. नवरा आठ वर्षांपूर्वी काविळीत गेला. मुलगा पुण्याला कंपनीत. फोन करायचा, दिवाळीला यायचा. नव्याण्णव साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा शिक्षकांना विचारलं होतं, कुठला जिल्हा हवा. बाईंनी भंडारा लिहिला, कारण घर साकोलीत होतं. एका कागदावरच्या एका शब्दानं अकरा वर्षांत जोडलेली माणसं, तलावाकाठची ती शाळा, तिबेटी वसाहतीतली मैत्रीण पेमा, सगळं पलीकडच्या जिल्ह्यात राहून गेलं. जायला दीड तास, पण जाणं झालं नाही. तेव्हापासून पिंपळटोला. साकोलीपासून नऊ किलोमीटर, स्टँडवरून ऑटो, पुढं पाऊण किलोमीटर पायी. त्या पाऊण किलोमीटरनं गुडघ्यांची पार वाट लावली होती.

शाळेत पेटी दोन महिने मुख्याध्यापकांच्या टेबलाखाली पडून राहिली. मुख्याध्यापक भूपेंद्र कापगते. माणूस वाईट नव्हता, फक्त भित्रा. पाय त्या पेटीवर टेकवून ते म्हणायचे, "मॅडम, उघडली की मोजावी लागते. मोजली की हरवते. राहू द्या." बाईंनाही ते पटत होतं. पहिले दोन अहवाल त्यांनी 'कार्यवाही सुरू आहे' असं लिहून पाठवले.

पेटी उघडली ती ऑक्टोबरात, आणि तीही उत्साहानं नव्हे. मतदार यादीचं काम लागलं होतं. सकाळी सातपासून घरोघर फिरून बाई अकराला शाळेत आल्या तेव्हा गुडघा सुजून माठासारखा झाला होता. सातवीचा इतिहासाचा तास. उभं राहून शिकवणं शक्य नव्हतं, आणि तीस वर्षं सांगून सांगून घसाही आता दुपारपर्यंत टिकत नव्हता. त्यांनी पेटी ओढत आणायला लावली, वरचंच एक गुंडाळलेलं कापड काढलं आणि नकाशाच्या खिळ्यावर टांगलं. सोबतच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर छापलं होतं: सांगू नका, विचारा. मुलांना काय दिसतं ते विचारा आणि थांबा. एरवी बाईंनी हे वाचून नाक मुरडलं असतं. त्या दिवशी ते फार सोयीचं वाटलं. त्या खुर्चीवर बसल्या, पाय लांब केला आणि म्हणाल्या, "पाहा. काय काय दिसते ते सांगा मले."

कापडावर एक मोठं चाक होतं. कुणी अक्राळविक्राळ प्राणी ते चाक दातांत आणि नखांत धरून उभा होता. चाकात माणसं, जनावरं, घरं, झाडं, नुसती दाटी. मग मागून आवाज आला, "डुक्कर!"

"कुठी?"

"मंधात, बाई. डुक्कर, साप आन् कोंबडा. एकमेकाइच्या शेपट्या धरून राहिले."

"कुंभार हाय, बाई. मडके बनवून राहिला."

"त्या माणसाच्या डोळ्यात बाण घुसला!"

"एक आंधळा म्हातारा हाय. काठी टेकत चालला."

मग स्वाती उठली. ढिवरांच्या घरातली पोरगी. बाप तलावावर मासे धरायचा. वर्षभरात तिनं वर्गात हजेरीच्या 'हो'पलीकडे तोंड उघडलं नव्हतं. ती चित्राच्या अगदी जवळ गेली, बोट टेकवलं आणि म्हणाली, "डोंगा हाय. आन् डोंग्यात बसलेला माणूस काही करून नाई राहिला. वल्हं दुसऱ्याच्या हाती हाय."

बाईंनी खुर्चीतून वाकून पाहिलं. खरंच होतं. त्यांना ते दिसलं नव्हतं.

"बाई, हे कायचं चाक व्हय?" कुणीतरी विचारलं.

"मले नाई माहीत," बाई म्हणाल्या. तीस वर्षांच्या नोकरीत वर्गासमोर हे वाक्य त्यांनी प्रथमच उच्चारलं होतं. आश्चर्य म्हणजे त्यानं काही कोसळलं नाही. खिचडीची घंटा झाली तेव्हा अर्धी मुलं ताटं घेऊन पळाली आणि अर्धी त्या चाकापाशीच वाद घालत राहिली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरं चित्र काढलं, मग तिसरं. एकूण चोवीस होती. शिवाय हातात धरून फिरवायचं तांब्याचं प्रार्थनाचक्र, पितळी घंटा, लोण्याचा दिवा, आणि एका कप्प्यात रंगांचे दगड: निळा, हिरवा, शेंदरी. त्या चित्रांतले रंग दगड कुटून करतात हे समजल्यावर मुलांनी शाळेमागचा गेरू आणला, पाट्यावर वाटला, डिंक कालवला आणि भिंतीला फासला. कापगते सर हवालदिल झाले. सीडीही होती, पण शाळेचा संगणक दोन पावसाळ्यांपूर्वीच बसला होता.

मग फिरणं सुरू झालं. जानेवारीपर्यंत सात शाळा. पेटी कधी ऑटोत, कधी धानाच्या पोत्यांवर ट्रॅक्टरमध्ये. प्रत्येक शाळेत बाई खुर्ची मागायच्या, बसायच्या आणि विचारायच्या. घरी येऊन सासऱ्यांचं जेवण, औषधं, आणि मग अहवालाचे रकाने: लाभार्थी मुले, लाभार्थी मुली, साध्य झालेली उद्दिष्टे. साध्य काय झालं ते बाईंना नीटसं सांगता येत नव्हतं. रकान्यात त्या 'समाधानकारक' लिहायच्या.

जानेवारीच्या शेवटी एकाच आठवड्यात दोन अर्ज आले. कापगते सरांनी दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडले. चेहरा उतरला होता.

"वाचा मॅडम. हे गावकऱ्याइचं. शाळेत बौद्ध धर्माचा प्रचार चालू आहे. आन् हे साकोलीच्या विहार समितीचं. बुद्धाच्या नावाखाली शाळेत देवी-देवता आणि राक्षसांची चित्रं दाखवून अंधश्रद्धा पसरवली जात आहे. एक म्हणते तुम्ही बुद्ध शिकवून राहिल्या, एक म्हणते बिघडवून राहिल्या. मी कोणाले काय उत्तर देऊ?"

बाईंनी दुसरा अर्ज हातात घेतला. अकरा सह्या होत्या. चौथी सही थरथरत्या, पण सुटसुटीत अक्षरात होती. डोमाजी शहारे.

त्यांनी अर्ज परत टेबलावर ठेवला. सरांनी सही पाहिली होती की नाही कोण जाणे. ते खिडकीबाहेर बघत होते.

डोमाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. सारा जन्म नागझिऱ्याच्या जंगलात वनरक्षक म्हणून गेलेला. छप्पन साली बावीस वर्षांचे असताना ते चार गाववाल्यांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव स्वतःच्या हातानं उतरवून ठेवले. त्यावरून त्यांची आई वर्षभर त्यांच्याशी बोलली नव्हती. पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात ग्रंथ वाचायचे ते डोमाजीच. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, वाचन थांबलं होतं, पण पाठ होतं ते सुटलं नव्हतं. अशा माणसाच्या सुनेनं सोळा हातांचे देव गावोगाव मिरवावेत!

बाई घरी आल्या. भात टाकला, वांग्याची भाजी केली, ताट वाढून समोर ठेवलं. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. भांडायला जोर नव्हता हे एक, आणि आत कुठंतरी, म्हातारा बरोबर तर नसेल ना, ही शंकाही होती. तिसऱ्या दिवशी डोमाजींनीच ताट पुढं सरकवलं.

"सूनबाई, सही मी केली."

"पाहिली मी, मामाजी."

"तू मले विचारलं नाई, म्हणून मी तुले सांगितलं नाई."

"घरातल्या घरात सांगितलं असतं तर मी पेटी परत पाठवली असती. अर्ज कायले केला?"

"घरातली गोष्ट नोहे ती. आमच्या पिढीनं ते देव घरातून काढले. कसे काढले ते तुले नाई माहीत. आता ते शाळेच्या दारातून आत येतीन आन् तेही आमच्याच घरच्या हातानं?"

बाईंनी ताट परत त्यांच्यापुढं सरकवलं. मग म्हणाल्या, "तुमी चित्र पाहिलं का?"

"नाई."

"मंग पाहून घ्या एकदा. नंतर अजून एक सही करा पाहिजे तर."

सोमवारी त्यांनी शाळेच्या दारापर्यंत ऑटो ठरवला. सासऱ्यांसाठी म्हणून, पण त्या पाऊण किलोमीटरातून त्याही सुटल्या. डोमाजी पांढरं धोतर, सदरा, डोक्याला टोपी अशा वेशात सातवीच्या वर्गात खुर्चीवर बसले. चाकाचं चित्र टांगलं. म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले, हात कपाळावर धरला आणि म्हणाला, "मले नुसता एक राक्षस दिसते."

"आमी सांगतो, आजोबा," स्वाती म्हणाली, आणि कुणी सांगण्याआधी ती चित्राशेजारी जाऊन उभी राहिली. "हा आंधळा म्हातारा. काठी टेकत चालला. त्याच्या पुढं कुंभार. त्याच्या पुढं माकड. मंग डोंगा. मंग एक घर हाय, त्याले सहा खिडक्या."

"किती?" डोमाजींनी मान वर केली.

"सहा."

"मोज."

स्वातीनं बोट लावून मोजल्या. "सहाच. आत कोणी नाई."

डोमाजी पुढं झुकले. "त्याच्यानंतर काय हाय? दोघं जण जवळ बसले का?"

"हो! तुमाले कसं दिसलं?"

"मंग वेदना असन. काही टोचलेलं."

"डोळ्यात बाण हाय!"

"मंग तृष्णा. कोणी पिऊन राहिलं का?"

वर्ग ओरडला, "हो!" एक माणूस पेला तोंडाला लावून बसला होताच. म्हातारा आता स्वतःशीच पुटपुटत होता. अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप. भवचक्राच्या, म्हणजे दुःख कशातून उपजतं त्या साखळीच्या, बारा कड्या. विहारात किती पावसाळे त्यांनी हे वाचलं असेल, लोक पेंगत ऐकायचे, आणि त्यांना स्वतःलाही ते शब्दांपलीकडे कधी दिसलं नव्हतं. अविद्या म्हणजे आंधळा. संस्कार म्हणजे मडकं घडवणारा कुंभार. सहा इंद्रियं म्हणजे सहा खिडक्यांचं घर. ढिवराच्या पोरीनं बोटावर मोजून दाखवलं.

मग त्यांनी विचारलं, "आन् बुद्ध कुठी हाय याच्यात?"

"याच्यात नाई, आजोबा," स्वाती म्हणाली. "चाकाच्या बाहेर उभा हाय, वरतं. बोट दाखवून राहिला."

डोमाजींनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. परतीच्या ऑटोत बाईंना वाटलं, आता म्हणतील, चुकलो. पण तसं काही झालं नाही.

"सही मी मागं घेत नाई," ते म्हणाले. "दिली ते दिली. राक्षस पाहून लोक भेतीन ते भेतीनच. पण खाली मराठीत लिहिलं पाहिजे. प्रत्येक चित्राखाली. हे देव पूजायसाठी नोहेत, हे समजायसाठी हाय. नाई लिहिलं तर तुमची पेटी बेकार हाय."

"पुस्तक आहे पेटीत, मामाजी. इंग्रजी आन् हिंदी."

"समजते का तुले?"

"नाई," बाई खरं बोलल्या. हिंदी भाषांतर असं होतं की 'प्रतिमाशास्त्रीय अभिप्राय' या शब्दापाशी त्या रोज अडायच्या.

"मंग लिहू आपण."

आपण म्हणजे कोण लिहिणार, हे बाईंना लगेच कळलं. शाळा, मतदार यादी, अहवाल, स्वयंपाक आणि त्यावर हे चोवीस कागद. पण नाही म्हणायलाही जोर लागतोच. त्या संध्याकाळपासून जेवणाआधीचा तासभर दोघं ओसरीवर बसू लागले. बाई पुस्तिकेतलं अर्धमुर्धं वाचून दाखवायच्या, चित्राचं वर्णन करायच्या, डोमाजी विचार करून वाक्य सांगायचे, बाई लिहायच्या. जंगलखात्यातल्या माणसाची वाक्यं, आखूड, डायरीत नोंद करावी तशी. एखाद्या शब्दावर दोघांचं जुंपायचं आणि भात करपायचा.

पाचव्या-सहाव्या चित्रानंतर गाडी अडली. हिरव्या देवीचा एक पाय खाली का सोडलेला, देवांना इतके हात कशाला, काहींचा चेहरा रागीट का, हे ना पुस्तिकेत नीट होतं ना डोमाजींच्या पाठांतरात. "तिकडच्याले विचार," म्हातारा म्हणाला आणि सात प्रश्न सांगून लिहवून घेतले.

बाईंच्या मनात मुलांनाच वसाहतीतला मठ दाखवायला न्यायचं होतं. पण आता तो दुसरा जिल्हा. सहलीच्या परवानगीचा अर्ज साकोलीहून भंडाऱ्याला गेला, तिथून खुलाशासाठी परत आला, पुन्हा गेला. शेवटी एका रविवारी त्या एकट्याच नवेगावबांधची एसटी धरून निघाल्या. हातात मोबाइलवर काढलेले चित्रांचे फोटो आणि ते सात प्रश्न.

पेमा भेटली. गोठणगावच्या वसाहतीत तिचं तेच घर, दारापुढं तोच गालिच्याचा माग. पण मागावर आता जुन्या स्वेटरांचे गठ्ठे पडलेले. तेरा वर्षांनी दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघींचीही नजर आधी गुडघ्यांकडे गेली. पेमाच्या हातात काठी होती.

"वच्छला दीदी! इतनी मोटी कैसे हुई?" ती हसली. दात दोनच उरले होते. खारट लोण्याचा चहा केला, जो बाईंना अकरा वर्षांत कधी आवडला नव्हता आणि आज त्यांनी दोन कप घेतला. पेमाच्या दोन्ही मुली दूर, एक दिल्लीला, एक परदेशात. वसाहतीतली अर्धी घरं म्हाताऱ्यांचीच होती. हिवाळ्यात नागपूरला स्वेटर विकायला जाणं तिनं यंदापासून बंद केलं होतं.

प्रश्न ऐकून ती म्हणाली, "मैं क्या जानूँ दीदी? लामाजी से पूछो." पण लामाजी बाहेरगावी गेले होते, आणि फोटो पाहता पाहता ती बोलू लागली. आई काय सांगायची, आजी काय सांगायची. हिरवी तारा एक पाय खाली सोडून बसते, कारण कुणी हाक मारली तर तिला उठून धावायचं असतं. "और इतने हाथ?" बाईंनी डोमाजींचा प्रश्न पुढं केला. पेमानं स्वतःचे सुरकुतलेले दोन हात समोर धरले. "दो हाथ से किस-किस को उठाएगा? मेरे दो थे, देखो, थक गए."

मग चाकाचं चित्र आलं तेव्हा ती म्हणाली, "ये तो गोम्पा, अपने मठ के दरवाज़े पर होता है. अंदर नहीं, बाहर. जिसको पढ़ना नहीं आता, वो भी खड़ा होकर देख ले."

परतीच्या बसमध्ये बाईंनी ते वाक्य प्रश्नांच्या कागदामागं लिहून घेतलं. घरी डोमाजींना सगळी उत्तरं वाचून दाखवली. हातांचं उत्तर ऐकून ते म्हणाले, "हं. हे लिहू नको." थोड्या वेळानं म्हणाले, "नाई, लिही. त्या बाईच्या नावानं लिही."

मार्चमध्ये विस्तार अधिकारी चौकशीला आले. त्यांनी चित्रं पाहिली, मराठी मजकुराची कार्डं चाळली, चहा घेतला. हिमालयाचा नकाशा आहे का, विचारलं. होता. त्यांनी दोन्ही अर्जांवर एकच शेरा मारला: सदर साहित्य भूगोल विषयास पूरक असून मराठी माहिती जोडलेली आहे, निकाली. कापगते सरांनी तो शेरा दोनदा वाचला आणि त्या दिवशी मुलांना खिचडीसोबत केळी वाटली. सहलीची परवानगी एप्रिलच्या शेवटी आली. तोवर परीक्षा संपून मुलं मोहफुलं वेचायला गेली होती.

दुसऱ्या वर्षी पेटी आणखी एकतीस शाळांत फिरली. आता बाई सोबत गेल्या नाहीत तरी चालायचं. प्रत्येक चित्रासोबत साकोलीत लॅमिनेट केलेलं कार्ड होतं, वर दोन प्रश्न आणि खाली चार ओळी. काही शाळांतून ती कार्डं हळदीचे डाग घेऊन परत यायची. बाई ओल्या फडक्यानं पुसायच्या. स्वाती सातवी पास होऊन साकोलीच्या शाळेत गेली. रस्त्यात एकदा भेटली, नमस्कार केला, आणि पुन्हा पहिल्यासारखीच काही बोलली नाही.

२०१४ च्या मार्चमध्ये संग्रहालयातून मनाली नावाच्या मुलीचा फोन आला. योजनेची मुदत संपली होती, पेटी आता दुसऱ्या राज्यात जाणार होती. "मॅडम, तुमच्या कार्डांचे फोटो पाहिले आम्ही. फार सुंदर काम आहे. मूळ कार्डं पेटीतच ठेवाल? आम्ही छापू. कोणी कोणी मदत केली, त्यांची नावंही सांगा." बाईंनी फोनवरच नावं सांगितली. आवाज तुटत होता, मागं मुलांचा गलका होता. पेटी पुन्हा भंडाऱ्याला नेऊन दिली तेव्हा पावती घेऊन त्या बसस्टँडवरच्या बाकावर तासभर नुसत्या बसून राहिल्या. हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. फक्त पाय दुखत होते.

छापील संच आला तो तब्बल चौदा महिन्यांनी, पोस्टानं, उन्हाळ्याच्या सुट्टीत. गुळगुळीत कागद, ठसठशीत रंग, चोवीस कार्डं. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांसाठी म्हणून छापली होती. डोमाजींना आता जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. ते कार्डं हातांनी चाचपत होते. "वाच," ते म्हणाले. "नावं कुठी हाय ते वाच."

बाईंनी शेवटचं कार्ड उलटलं. वाचलं आणि थांबल्या.

"काय झालं?"

"मराठी मजकूर, वच्छला शहारे. सहकार्य, श्रीमती पेमा आणि श्रीमती डोल्मा जी."

"डोल्मा कोण व्हय?"

"तुमी, मामाजी. मी फोनवर डोमाजी सांगितलं. तिबेटी लोकाइत बाईचं नाव असते डोल्मा. त्याइले वाटलं, तेच असन."

बाईंना वाटलं, आता चिडतील. एवढं आयुष्य स्वतःच्या ओळखीसाठी झगडलेला माणूस. मग त्यांचे खांदे हलू लागले. हसता हसता खोकला आला, बाईंनी पाणी दिलं, पाणी पिऊन पुन्हा हसले.

"छप्पन साली मी धर्म बदलला," ते डोळे पुसत म्हणाले. "बाकी सगळं दिल्लीवाल्यानं बदलून टाकलं."

"मी पत्र लिहितो त्याइले," बाई म्हणाल्या.

"राहू दे. थकली तू."

"थकली तर हाय. पण लिहितो."

त्याच दुपारी त्यांनी पत्र लिहिलं. नाव डोमाजी असं आहे, ते पुरुष आहेत, निवृत्त वनरक्षक आहेत, मुक्काम साकोली, जिल्हा भंडारा. चोवीसपैकी निम्म्याहून अधिक कार्डांतली वाक्यं त्यांची आहेत, तरी पुढील छपाईत दुरुस्ती व्हावी. पत्राला उत्तर आलं नाही. पुढची छपाई झाली की नाही, हेही बाईंना अजून कळलेलं नाही. पण तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. उन्हातून पोस्टात जाऊन, पत्र टाकून त्या घरी आल्या, पंखा लावला आणि आतल्या खोलीत गार फरशीवर आडव्या झाल्या.

ओसरीवरून आवाज आला, "टाकलं का?"

"टाकलं, मामाजी."

"मंग झोप आता. चहा मी ठेवतो."

त्यांना गॅस दिसत नाही, हे आठवून बाई उठणार होत्या. पण डोळा लागला.